वाघ दिसो न दिसो, कार्ड दिसलं पाहिजे: आमची ताडोबावारी

ताडोबाहून परत येऊन पंधरा दिवस झाले. जो भेटतो तो एकच विचारतो, वाघ दिसला का? सांगते, पण क्रमाने सांगते, कारण वाघापर्यंत पोचायच्या आधी जे काही करावं लागतं ते मला कोणीच धड सांगितलं नव्हतं आणि अर्धी माहिती चुका करून मिळवली.

आई मूळची सिंदेवाहीकडची, म्हणजे चंद्रपूर जिल्हा, झाडीपट्टी. लग्न करून कल्याणला आली त्याला आता पंचेचाळीस वर्षं होतील. माझी मुलगी नववीत गेली तेव्हा तिने हट्ट धरला की या मे महिन्यात वाघ बघायचाच. आई शांतपणे म्हणाली, "आम्ही लहानपणी वाघ दिसू नये म्हणून मारुतीला नारळ कबूल करायचो, तुम्ही दिसावा म्हणून पैसे भरता." पण येणार नाही असं काही म्हणाली नाही, वर मावशीकडे एक मुक्काम करायचा ही अट घातली. दीर आणि जाऊबाई तयार झाले, सहा डोकी झाली आणि सफारीच्या एका उघड्या जिप्सीत सहाच बसतात, म्हणजे हिशोब आपोआप जुळला. चौघं असाल तर आणखी दोन जण आधीच शोधा, कारण पैसे पूर्ण जिप्सीचे जातात.

तारखा ठरवताना पहिला धडा मिळाला. मी आपली शाळेची सुट्टी आणि नवऱ्याची रजा बघून मंगळवारची सकाळ धरून बसले होते, तर मंगळवारी ताडोबाचं कोअर बंद असतं. एक जुलै ते तीस सप्टेंबरही कोअर बंद, तेव्हा बफरमधली काही गेट चालू असतात. कोअर म्हणजे आतलं मूळ जंगल, सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि बफर म्हणजे त्याच्या भोवतीचा पट्टा, अकराशेच्या घरात, ज्यात गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत आणि वाघही आहेत. मला आधी वाटायचं बफर म्हणजे ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांची समजूत काढायची सोय. तसं अजिबात नाही.

मग गेट. कोअरला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी, खुटवंडा अशी गेट आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत, हे नकाशा उघडेपर्यंत माझ्या डोक्यात नव्हतं. राहायचं कोलाऱ्याला आणि सफारी मोहर्लीची असं केलंत तर पहाटे तीनला उठून गाडी हाणावी लागेल. नागपूरहून चिमूरमार्गे कोलारा जवळ पडतं, चंद्रपूरहून मोहर्ली तीसेक किलोमीटर. आम्हाला पुढे मूल या गावावरून सिंदेवाहीला जायचं होतं म्हणून मोहर्ली घेतलं. आधी गेट, मग सफारीचं बुकिंग, मग हॉटेल, हा क्रम उलटा करू नका. आमच्या ओळखीतल्या एकांनी हॉटेल आधी बुक केलं आणि मग सफारी मिळेना म्हणून दोन दिवस स्विमिंग पूलमध्ये डुंबून परत आले.

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं. आमचा प्रवास १३ मेचा, म्हणजे १४ मार्च, म्हणजे नेमकी धुळवड. सकाळी आठला खाली सोसायटीत पिचकाऱ्या चालू आणि मी लॅपटॉपसमोर. विदर्भ एक्स्प्रेस, कल्याण ते नागपूर, थर्ड एसी, माणशी अकराशे-बाराशेच्या दरम्यान. सहाही बर्थ मिळाले, त्यातले लोअर दोनच, पण मिळाले.

सफारीला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. वनविभागाच्या अधिकृत साइटवरूनच करा, सर्च केल्यावर वर जे सगळ्यात चकचकीत दिसतं ते बऱ्याचदा एजंटचं पान असतं. एका एजंटने मला फोनवर जवळजवळ दुप्पट रेट सांगितला आणि वर "मॅडम, साइटिंग गॅरंटीड" म्हणाला, तेव्हाच फोन ठेवला. शनिवार-रविवार भरलेले होते, आणि वीकेंडला दरही जास्त असतो, त्यामुळे आम्ही गुरुवार १५ मे सकाळ कोअर, त्याच दुपारी बफर आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा कोअर असं घेतलं. पहिल्या वेळी पैसे खात्यातून गेले आणि परमिट काही आलं नाही. मी घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरले. अडकलेले पैसे सहा दिवसांनी परत आले पण ते सहा दिवस मी रोज सकाळी उठून आधी बँकेचं ॲप उघडत होते. तीन सफाऱ्यांचे प्रवेश, जिप्सी, गाईड सगळं धरून सहा जणांचे चोवीस हजारांच्या आसपास गेले. दर बदलत असतात, तेव्हा आमचा आकडा फक्त अंदाजाला घ्या.

फॉर्ममध्ये प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा नंबर भरावा लागतो. आईचं आधार कुठेतरी आत होतं, पॅनकार्ड माझ्या पर्समध्ये होतं, म्हणून मी पॅनचा नंबर टाकला आणि विसरून गेले. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

एप्रिल आवराआवरीत गेला. चंद्रपूरची ४५ डिग्रीची बातमी टीव्हीवर आली की जाऊबाई मला फोन करून फक्त आकडा सांगायच्या आणि फोन ठेवायच्या. पण उन्हाळ्यातच जातात लोक, कारण पानगळ झालेली असते, लांबवर दिसतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. मग मे उजाडला आणि भारत-पाकिस्तान सीमेवरच्या बातम्या सुरू झाल्या, घरात रोज जायचं की नाही यावर चर्चा. १० मेला शस्त्रसंधीची बातमी आली. आणि त्याच दिवशी मावशीचा फोन आला. सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाने मारल्या होत्या. एकाच दिवशी तिघी. मावशीच्या गावातल्या नव्हेत, पण त्याच भागातल्या. आई बराच वेळ फोन धरून "हो, हो" करत होती. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, रद्द करूया का आपण? ती म्हणाली, "रद्द करून काय होणार आहे? बॅगेत माझे मोजे ठेव." त्यावर कोणी काही बोललं नाही. मुलीने मात्र मोबाईलवरचा वाघाचा वॉलपेपर बदलला, ते मी दोन दिवसांनी पाहिलं.

१३ ला रात्री निघालो, १४ ला सकाळी नागपूर. तिथून एर्टिगा ठरवली होती, बुधवार ते शनिवार, सतरा हजार, डिझेल-टोल-ड्रायव्हरचा भत्ता सगळं धरून. हे आधीच लिहून घ्या, "भत्ता वेगळा" हे शब्द परतीच्या दिवशी ऐकायला फार जड जातात. चंद्रपूरहून मोहर्लीचा रस्ता मला वाटला होता तसा नाहीच. आधी दुर्गापूरचं महाऔष्णिक केंद्र, त्याच्या त्या आकाशाला टेकलेल्या चिमण्या, मग पद्मापूरची कोळसा खाण, काळी धूळ, डंपर, आणि त्याच रस्त्यावर थोड्या वेळात "वन्यप्राण्यांचा मार्ग, वाहन हळू चालवा". ड्रायव्हर म्हणाला, "वीज केंद्राच्या आवारातबी वाघ फिरते मॅडम, त्याले काय बोर्ड वाचता येते?"

संध्याकाळी हॉटेलवर (खोलीला साडेचार हजार, दोन वेळचं जेवण धरून, तीन खोल्या) मी परमिटच्या प्रिंट बाहेर काढून सगळ्यांची कार्डं जुळवायला बसले. आईने पर्समधून आधार काढलं. परमिटवर पॅन. पॅन कुठंय? "ते मी कपाटात ठेवलं, आधार सगळीकडे चालतं ना." साडेआठ वाजले होते, गेटवर पहाटे पाचच्या आधी पोचायचं, आणि मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं असं परमिटवर लिहिलेलं. माझ्या पोटात गोळा. शेजारच्या काकूंकडे झाडांना पाणी घालायला किल्ली दिलेली होती, त्यांना फोन केला, त्यांनी बिचाऱ्यांनी कपाट उघडून साड्यांच्या खालून कार्ड शोधून फोटो पाठवला, हॉटेलच्या मॅनेजरने प्रिंट काढून दिली. पहाटे गेटवरच्या माणसाने प्रिंट बघितली, आधार बघितलं, आईकडे बघितलं, पुन्हा आधार बघितलं. एका कागदावर दोन ओळी लिहून सही घेतली आणि सोडलं. पण बाकीच्या जिप्स्या आत गेल्या आणि आम्ही वीस मिनिटं तिथेच. असंच सोडतील याची खात्री नाही, दुसऱ्या कोणी सोडलं नसतंही आणि ते बरोबरच झालं असतं. जो नंबर टाकाल तेच कार्ड बॅगेत टाका, त्याच क्षणी.

मोबाईल कोअरमध्ये नेता येत नाही, आम्ही खोलीवरच ठेवले. पहिली दहा मिनिटं हात सारखा खिशाकडे जातो, मग सुटतो. कॅमेरा चालतो, आमच्याकडे दिरांचा जुना होता.

म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडं. जिप्सीची पायरी उंच असते, आईचे गुडघे बघून हॉटेलवाल्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल दिलं ते आम्ही तिन्ही वेळा नेलं. मागच्या उंच सीटवर दिसतं छान पण कंबर खिळखिळी होते, वयस्कर माणसाला ड्रायव्हरच्या मागची ओळ द्या. आत कुठेही उतरता येत नाही, ठरावीक थांब्यांवरच स्वच्छतागृहाची सोय आहे, तेव्हा पहाटेचा दुसरा चहा मोह आवरून टाळा. सुती दुपट्टा प्रत्येकाकडे हवा, धूळ इतकी असते की परत आल्यावर भुवया मेंदी लावल्यासारख्या दिसतात. पहाटे वारा लागतो, आठनंतर ऊन मारतं, म्हणून कपडे एकावर एक. अत्तर-डिओ नको, लाल-पिवळं नको.

आमच्या गाईड एक ताई होत्या, मोहर्लीच्याच, तिशीच्या. गाईड घ्यावाच लागतो आणि तो आसपासच्या गावातला असतो. त्यांनी पहिल्यांदा काय सांगितलं तर, "वाघ वाघ नका करू जी, जंगल पाहा. वाघ त्याच्या मनानं येते." मला वाटलं हे वाघ न दिसण्याची आधीच केलेली तजवीज आहे. तशीच असेल थोडीफार. पण तलावाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेचे ते जुने दगडी खांब त्यांनी दाखवले, गोंड राजांच्या काळचे म्हणतात, दोरी बांधून घंटा वाजवत राजा येत असल्याचा निरोप पुढे जायचा. तलावाकाठी तारू देवाचं ठाणं, गावाचा प्रमुख वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला, त्याच्याच नावावरून ताडोबा. आईला ही गोष्ट येत होती. ताई सांगत होत्या आणि आई पुढचं वाक्य आधीच म्हणत होती.

भुताचं झाड पहिल्यांदा बघितलं, पांढरंफटक खोड, एकही पान नाही, पहाटेच्या अंधारात खरंच कोणीतरी उभं असल्यासारखं. नवरंग पक्षी ओरडत होता पण दिसला नाही. रानगवे दिसले, रानकुत्र्यांची आठ-नऊ जणांची टोळी रस्त्यात लोळत होती, तलावात मगर, सांबर गळ्यापर्यंत पाण्यात. वाघ नाही. जामणीला गेलो. इथे आधी गाव होतं, आता पुनर्वसन होऊन गवताचं मोठं मैदान झालंय, चितळांचे कळप चरतात आणि वाघाच्या साइटिंगसाठी ही जागा नावाजलेली. आठ जिप्स्या रांगेत उभ्या. सगळ्यांच्या दुर्बिणी गवताकडे आणि आई दुसरीकडेच बघतेय. "तो आंबा बघ," म्हणाली, "आणि ती चिंच. घराच्या मागे लावलेली असणार." ताई हळूच म्हणाल्या, "होय जी, घरंच होते तिकडं." मग मला एकदम रस्त्याची जुनी ओळ, ओट्यासारखा उंचवटा, सगळं दिसायला लागलं. आम्ही अर्धा तास थांबलो. वाघ आला नाही.

दुपारी जुनोना बफर. तीनला निघालो तेव्हा अंग भाजत होतं, साडेचारला आभाळ भरून आलं आणि पाऊस. मे महिन्यात उन्हासाठी म्हणून आलो आणि भिजलो! पाऊस पडला की जागोजागी डबकी होतात, मग सोलर पंपावर भरलेल्या पाणवठ्याकडे कोण कशाला येईल. एका अस्वलाची पाठ दिसली, तीही झुडपात शिरतानाची. जाऊबाई कुडकुडत म्हणाल्या, "४५ म्हणाले होते ना?" जिप्सीला छत नसतं, मे असला तरी एक पातळ रेनकोट आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. रात्री मुलगी रडवेली झाली. तिला समजावण्यात माझा तास गेला, आणि खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात पैशांचा हिशोब करत होते.

शुक्रवारी सकाळी पुन्हा मोहर्ली गेट, त्याच ताई (योगायोग, गाईड आपल्याला निवडता येत नाही, पाळीने लागतो). ओल्या मातीवर पंजे उमटलेले. ताईंनी गाडी थांबवून दाखवले, गोलसर मोठा पंजा, नखं नाहीत, पावसानंतरचा म्हणजे रात्रीचाच. मग लांबून सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला, एकदाच, भोंग्यासारखा. ताईंनी हात वर केला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पुन्हा कॉल. मग वानरं खाकरायला लागली. इतका वेळ जंगल शांत आहे असं वाटत होतं, ते काही शांत नव्हतं, मलाच ऐकू येत नव्हतं.

आणि डावीकडच्या बांबूतून वाघीण बाहेर आली. आवाज नाही, काही नाही, बांबू होता तिथे वाघीण होती एवढंच. तीसेक फुटांवर. रस्त्याच्या मधोमध थांबली, आमच्याकडे बघितलं असंही म्हणता येणार नाही, आमच्यातून पलीकडे बघितलं. पोटाच्या बाजूला चिखल वाळलेला, चालताना खांद्याची हाडं कातडीखालून वर-खाली होत होती. एका कानावर माशी बसली होती, तो कान तिने दोनदा झटकला. मग उजवीकडच्या गवतात. सगळं मिळून पाऊण मिनिट. दिरांच्या कॅमेऱ्याचं झाकण लावलेलंच होतं, त्यांना अजून आम्ही छळतो. मागून चार जिप्स्या धूळ उडवत आल्या, कुठे कुठे, गेली गेली, एकावर एक गाड्या, कोणीतरी ड्रायव्हरवर ओरडतंय. तो भाग मला आवडला नाही आणि त्या गर्दीत आम्हीही होतोच.

मी आईकडे बघितलं तर तिचे हात जोडलेले. डोळे मिटलेले. म्हणजे तिने बघितलंच नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "बघितलं की. मग म्हटलं जा बाप्पा आपल्या वाटेनं."

दहाला बाहेर, नाश्ता, आंघोळ, आणि दुपारी मूलमार्गे मावशीकडे. एकूण खर्च माणशी साडेतेरा-चौदा हजार झाला, रेल्वे, गाडी, राहणं, सफाऱ्या सगळं धरून. गाईड आणि ड्रायव्हरला वरून काही द्यायचं तर सुटे पैसे ठेवा, आत एटीएम नाही.

मावशीच्या ओसरीवर तेंदूपत्त्याची पुडकी रचलेली होती, सत्तर पानांचं एक. तिची सून बोलता बोलता पानं मोजत होती, नजर आमच्याकडे आणि बोटं पानांवर, चुकत नव्हती. त्या तिघी गेल्यापासून पाच वाजल्याशिवाय कोणी निघत नाही म्हणाली, आधी चारला निघायच्या. आता गटाने जातात, एक जण डबा वाजवत राहते. साडेसहाला मावशीने अंगणातलं सगळं आत घेतलं. माझ्या लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी पोरं याच अंगणात बाजा टाकून झोपायचो. आता दार लावून कूलर. रात्री बाथरूमला जायचं तर दोघींनी, हातात टॉर्च.

जेवताना मुलीने वाघिणीचं सगळं रंगवून सांगितलं, कानावरची माशीसुद्धा. मावशी ऐकत होती. मग मला म्हणाली, "चांगलं झालं माय, दिसला. किती लागले वं पैसे?"

सून पानं मोजायची थांबली होती. मी निम्मा आकडा सांगितला.